पुस्तकाच्या दुकानातला सांगाडा

जपानमधील एका मोठ्या पुस्तकाच्या दुकानात, मांगा म्हणजे चित्रकथांच्या विभागात, काउंटरमागे एक सांगाडा उभा आहे. अंगावर दुकानाचा एप्रन आणि मानेवर पांढरीशुभ्र कवटी. गिऱ्हाईक समोर आले की तो अदबीने वाकतो, हवे ते पुस्तक शोधून आणून देतो, पैसे घेतो आणि आभार मानतो. त्याच्या सहकाऱ्यांपैकी कोणाच्या डोक्यावर कागदी पिशवी आहे, कोणाचा चेहरा बँडेजने गुंडाळलेला आहे, कोणी मोटारसायकलचे पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट घातले आहे, तर कोणाच्या तोंडावर गॅस मास्क, कोल्ह्याचा मुखवटा किंवा युरोपात प्लेगच्या साथीत वैद्य घालत असत तसला लांब चोचीचा मुखवटा आहे. हे सारे इतके गृहीत धरलेले आहे, की दुकानात शिरणाऱ्या आणि तुमच्या-आमच्यासारखाच चेहरा असलेल्या गिऱ्हाइकांना त्यात काही वावगे दिसत नाही.

ही आहे ‘गाइकोत्सु शोतेन-इन होंडा-सान’ ही ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिका. नावाचा सरळ अर्थ ‘सांगाडा असलेले, पुस्तकाच्या दुकानातले कर्मचारी होंडा’ असा होतो; ‘सान’ हे आपल्या ‘राव’सारखे आदराचे शेपूट. ती २०१८ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत जपानी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. तिचे भाग १२, आणि एकेक भाग जेमतेम ११ मिनिटांचा. ही मालिका पाहणारा माणूस पहिल्यांदा हसतो तो मुखवट्यांना, आणि त्यात चूक काहीच नाही. पण मालिकेतील विनोदाचा मोठा भाग मुखवट्यांत नसून जपानमधील पुस्तकविक्रीच्या व्यवस्थेत आहे, असे माझे ठाम मत आहे. पुस्तके दुकानात येतात कशी, त्यांच्या किमती कोण ठरवते, न खपलेली पुस्तके जातात कुठे, हे माहीत नसेल तर होंडा-सानची तारांबळ आपल्याला नुसता आरडाओरडा वाटते. माहीत असेल तर तीच तारांबळ एका प्रामाणिक कामगाराची रोजची कसरत म्हणून दिसू लागते. म्हणून ती व्यवस्था इथे शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

आधी मुखवट्यांचा उलगडा करू. मालिका ज्या मांगावरून बेतली आहे तो २०१५ साली इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला आणि पुढे चार खंडांत पुस्तकरूपाने आला. तो लिहिणारी आणि काढणारी व्यक्ती ‘होंडा’ याच टोपणनावाने वावरते, आणि तिने स्वतः पुस्तकाच्या दुकानात नोकरी केलेली आहे. जपानीमध्ये ‘एस्से मांगा’ नावाचा एक रुळलेला प्रकार आहे. आपल्याकडे ललित लेखात लेखक स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग सांगतो, तसाच तिथे चित्रकार स्वतःच्या नोकरीतले, संसारातले, आजारपणातले प्रसंग चौकटींत मांडतो. या प्रकारात स्वतःचे हुबेहूब चित्र न काढता एखादा प्राणी, एखादे फळ किंवा चार रेघांचा बाहुला स्वतःच्या जागी उभा करण्याची रीत आहे. होंडाने स्वतःसाठी सांगाडा निवडला आणि सहकाऱ्यांना मुखवटे दिले.

त्यातून दोन गोष्टी साधल्या. खरे दुकान आणि खरी माणसे ओळखू येणार नाहीत, ही पहिली. दुसरी अधिक मोलाची आहे: चेहरा काढून घेतल्यामुळे माणूस कामावरून ओळखावा लागतो. पुस्तकांचा गठ्ठा हा कसा उचलतो, फोनवर कोणत्या स्वरात बोलतो, त्याला कोणता लेखक आवडतो आणि अंगात त्राण नसताना तो काउंटरवर कसा उभा राहतो, यांतून तो कळतो. कागदी पिशवीला ना भुवया आहेत ना ओठ, तरी दोन-तीन भागांनंतर त्या पिशवीखालचे माणूस आपल्या चांगले ओळखीचे होते. विक्षिप्त पात्रांची फौज उभी करणाऱ्या मालिका पुष्कळ आहेत. पण विक्षिप्तपणा फक्त पोशाखात ठेवून आतली माणसे इतकी साधी, कष्टाळू आणि पुस्तकवेडी दाखवणारी मालिका माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

आता मालिकेच्या लांबीविषयी. जपानी दूरचित्रवाणीवर ॲनिमेचा नेहमीचा भाग अर्ध्या तासाच्या जागेत बसतो, म्हणजे जाहिराती वजा जाता साधारण २४ मिनिटांचा असतो, आणि तीन महिन्यांच्या एका हंगामात, ज्याला तिथे ‘कूर’ म्हणतात, असे १२-१३ भाग दाखवले जातात. याच्या बरोबरीने पाच, दहा किंवा पंधरा मिनिटांच्या जागेत बसणाऱ्या लघुमालिकांचीही मोठी परंपरा आहे. कचेरीतील विनोद या प्रकाराला विशेष मानवतो. लाल पांडाच्या रूपातील हिशेबनीस रेत्सुको हिची ‘ॲग्रेत्सुको’ ही मालिका २०१६ साली आधी मिनिट-मिनिटाच्या तुकड्यांतूनच लोकांसमोर आली आणि २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हाही तिचे भाग पंधरा मिनिटांच्या आसपासच राहिले. नोकरीतले प्रसंग मुळातच तुटक असतात, हे याचे कारण असावे. एक फोन, एक गिऱ्हाईक, साहेबांची एक हाक, आणि पुन्हा आपले काम. चोवीस मिनिटे ताणून धरावे असे कथानक त्यात क्वचितच सापडते.

खर्चाचे गणितही आहेच. होंडा-सानची मालिका बनवणारी डीएलई ही टोकियोतील कंपनी कमी चित्रांत, संगणकावर झटपट हलवता येणाऱ्या सपाट आकृत्यांतून विनोदी मालिका करण्यासाठी ओळखली जाते. या मालिकेत पात्रे फार हालचाल करत नाहीत. बऱ्याचदा एकच चित्र पडद्यावर स्थिर राहते आणि काम आवाज करतो. इथे मुखवटे पुन्हा उपयोगी पडतात, कारण ज्याचे ओठ दिसतच नाहीत त्याचे ओठ शब्दांनुसार हलवून दाखवावे लागत नाहीत. कमी साधनांची अडचण आणि कथेची गरज इतकी नीट जुळून आलेली फार कमी वेळा पाहायला मिळते. होंडाला आवाज दिला आहे साइतो सोमा या अभिनेत्याने, आणि कवटीला भाव नसल्याची सगळी भरपाई त्याच्या गळ्याने केली आहे.

तो गळा एकाच वेळी दोन प्रकारचे जपानी बोलतो. गिऱ्हाइकाशी बोलताना होंडा-सान ‘केइगो’ म्हणजे आदरार्थी भाषा वापरतो. मराठीत आपण तू, तुम्ही, आपण अशा पायऱ्या चढतो. जपानीत त्याच्या जोडीला क्रियापदेच बदलतात. समोरच्याने एखादी गोष्ट केली तर उंचावणारे क्रियापद आणि तीच गोष्ट मी केली तर स्वतःला खाली नेणारे क्रियापद, असे दोन्ही दोर एकाच वाक्यात सांभाळायचे असतात. दुकानातील कर्मचाऱ्यांना याचे शिक्षण देतात, आणि मालिकेत अशा शिबिराचा एक प्रसंगही आहे, ज्यात अनुभवी पुस्तकविक्रेते परीक्षेला बसलेल्या पोरांसारखे थरथरतात. मात्र त्याच क्षणी होंडाच्या मनात जे चाललेले असते ते भराभर, धाप लागल्यासारखे, साध्या बोलीतले असते. तोंडावर “होय, आत्ताच शोधून देतो” आणि मनात “हे पुस्तक गेल्या महिन्यातच परत पाठवले, आता काय करू?” उपशीर्षके वाचून मालिका पाहणाऱ्याला या दोन थरांतला फरक निम्माच कळतो, म्हणून ती पाहताना कान उघडे ठेवावेत असे मी आवर्जून सांगेन. जपानी येत नसले तरी आवाजाची पट्टी बदललेली कळतेच.

“गेल्या महिन्यातच परत पाठवले” या वाक्यापाशी आपण व्यवस्थेच्या दाराशी येतो. जपानमध्ये प्रकाशक सहसा दुकानाला थेट पुस्तके देत नाही. मध्ये एक घाऊक वितरक असतो, त्याला ‘तोरित्सुगी’ म्हणतात. युद्धकाळात, १९४१ मध्ये, देशातील सगळे पुस्तकवितरण एकाच संस्थेत एकवटले होते. ती संस्था १९४९ साली बंद झाली आणि त्याच वर्षी आजच्या दोन सर्वांत मोठ्या तोरित्सुगी, निप्पान आणि तोहान, उभ्या राहिल्या. देशभरातील प्रकाशक एका बाजूला, देशभरातील दुकाने दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ही अरुंद मान, असा या व्यापाराचा आकार आहे. जपानमध्ये २०१८ च्या सुमारास वर्षाला ७० हजारांच्या आसपास नवी पुस्तके निघत होती, म्हणजे रोज सरासरी १९० हून अधिक. एवढी पुस्तके एकेका दुकानदाराने निवडून, मागवून घेणे अशक्यच असते. म्हणून दुकानाचा आकार, जागा आणि मागच्या विक्रीचा हिशेब पाहून कोणत्या दुकानाला कोणत्या पुस्तकाच्या किती प्रती पाठवायच्या हे बऱ्याच अंशी तोरित्सुगीच ठरवते. या वाटपाला ‘हाइहोन’ म्हणतात.

याचा परिणाम काय होतो पाहा. ज्या पुस्तकाची मागणी दुकानदाराला दिसते आहे त्याच्या पाच प्रती हव्या असताना दोनच येतात, आणि जे पुस्तक आपल्या गिऱ्हाइकांपैकी कोणी हातातही घेणार नाही त्याचा गठ्ठा न मागता दारात येऊन पडतो. मग हव्या त्या पुस्तकासाठी प्रकाशकाला फोन करायचा, त्याच्याकडे साठा नसेल तर पुढच्या छपाईची वाट पाहायची, आणि तोवर रोज तेच पुस्तक विचारायला येणाऱ्या प्रत्येकासमोर कमरेत वाकून क्षमा मागायची. जपानीत पुनर्मुद्रणाला ‘जूहान’ म्हणतात. लेखकासाठी हा शब्द आनंदाचा; दुकानातल्या माणसासाठी तो आशा आणि धास्ती यांच्या मधला, कारण नव्या छपाईची पुस्तके हाती येईपर्यंत वाचकांचा उत्साह ओसरलेला असू शकतो.

मग दुकानदार हे सगळे का सोसतो? कारण पुस्तके ‘इताकु’वर आलेली असतात, म्हणजे ती ठरावीक मुदतीत परत करता येतात. नव्या पुस्तकांसाठी ही मुदत साधारणपणे १०५ दिवसांची असते. दुकानाच्या खात्यावर त्यांची रक्कम मांडली जाते आणि परत पाठवली की ती वळती होते. या सोयीमुळेच लहान गावातील दुकानदारही एखादा जाड, अवघड, कदाचित वर्षात एकच प्रत खपेल असा ग्रंथ काही दिवस फळीवर ठेवू शकतो. पण सोयीची दुसरी बाजू अशी, की जपानमध्ये दुकानांत गेलेल्या पुस्तकांपैकी साधारण तिसरा हिस्सा परत येतो. इतकी पुस्तके खोक्यांतून यायची, उघडायची, मांडायची, आणि काही आठवड्यांनी पुन्हा खोक्यांत भरून, फीत लावून, पावती करून रवाना करायची. काही प्रकाशक या पद्धतीत नाहीत. इवानामी शोतेन या प्रतिष्ठित प्रकाशनाने १९३९ पासून पुस्तके परत न घेण्याच्या अटीवरच विकली आहेत. त्यांचे पुस्तक मागवताना दुकानदाराला दोनदा विचार करावा लागतो.

याला जोडून तिसरी गोष्ट किमतीची. आपल्याकडे पुस्तकावर छापलेली किंमत ही वरची मर्यादा असते. पुस्तक प्रदर्शनात वीस टक्के सवलत मिळणे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की पूर्ण किमतीला पुस्तक घेताना हात आखडतो. जपानमध्ये नव्या पुस्तकावर दुकानदार सवलत देत नाही. तिथला मक्तेदारीविरोधी कायदा उत्पादकाला दुकानदारावर किंमत लादू देत नाही, परंतु १९५३ च्या दुरुस्तीने पुस्तके, नियतकालिके, वृत्तपत्रे आणि ध्वनिमुद्रित संगीत यांना या नियमातून सूट मिळाली. प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीलाच विकण्याच्या या पद्धतीला ‘साइहान’ म्हणतात. ती काढून टाकावी का यावर बरीच वर्षे वाद झाला आणि २००१ साली तिथल्या व्यापार आयोगाने ती तूर्त कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. म्हणून होक्काइडोच्या टोकाला असलेल्या दुकानात आणि टोकियोच्या गजबजलेल्या चौकात एकाच पुस्तकाची किंमत एकच असते. दुकानदाराच्या वाट्याला त्यातले ढोबळमानाने २२-२३ टक्के येतात. हजार येनचे एक पुस्तक चोरीला गेले तर झालेले नुकसान भरून काढायला तेवढ्याच किमतीची आणखी चार पुस्तके विकावी लागतात, हा हिशेब डोक्यात ठेवला की मालिकेतील कर्मचारी एकेका प्रतीसाठी इतके हळवे का असतात ते लगेच लक्षात येते.

या व्यवस्थेच्या दोन खुणा प्रत्यक्ष पुस्तकावरच पाहायला मिळतात, आणि जपानी पुस्तक हातात आले तर त्या जरूर पाहाव्यात. पहिली पाठीमागच्या पानावर असते. आपल्या पुस्तकांवर एक बारकोड असतो, जपानी पुस्तकांवर एकाखाली एक असे दोन. वरचा आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणाऱ्या, जगभर चालणाऱ्या क्रमांकाचा. जपानचा असल्यामुळे तो ९७८ आणि ४ ने सुरू होतो. खालचा १९२ ने सुरू होतो, आणि त्यात पुस्तकाचा प्रकार सांगणारा चार अंकी संकेत व त्यापुढे चक्क किंमत गुंफलेली असते. किंमत कोणी बदलणारच नसेल तर ती बारकोडात कोरून ठेवायला हरकत कसली! मांगाच्या पुस्तकांवर हा चार अंकी संकेत बहुधा ९९७९ असतो. त्यातील शेवटचे ७९ हे चित्रकथांचे अंक आहेत. गंमत म्हणजे यांतील पुष्कळशी मांगा-पुस्तके व्यापाराच्या हिशेबात नियतकालिक म्हणून धरली जातात आणि नियतकालिकांच्या वाटेनेच दुकानात पोहोचतात. म्हणून चित्रकथांच्या विभागातील कामाला वृत्तपत्राच्या कामासारखी घाई असते, आणि होंडा-सानचे सहकारी कायम धावताना दिसतात.

दुसरी खूण म्हणजे ‘सुरिप्पु’. नव्या पुस्तकाच्या पानांत दुमडून खोचलेली ही कागदाची लांबट पट्टी. तिच्या दुमडीपाशी एक अर्धगोल डोके पुस्तकाच्या वर किंचित डोकावते, आणि त्या डोक्याला दुकानदारांच्या बोलीत ‘बोझु’ म्हणतात. बोझु म्हणजे बौद्ध भिक्षू. गुळगुळीत मुंडण केलेल्या डोक्यासारखे दिसते म्हणून हे नाव. पुस्तक विकले की काउंटरवरचा माणूस बोटाच्या एका झटक्याने हा भिक्षू ओढून घेतो. दिवसाअखेर जमलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा चाळला की आज काय खपले, एकाच माणसाने कोणती दोन पुस्तके एकत्र नेली, कोणते पुन्हा मागवायचे, हे हाताला कळते. संगणकाने हा हिशेब कधीच आपल्याकडे घेतला आहे आणि काही प्रकाशकांनी पट्टी घालणे थांबवलेही आहे. तरी ज्यांनी वर्षानुवर्षे असे गठ्ठे चाळले त्यांना पडद्यावरची आकडेवारी पुरी पडत नाही, हे मला अगदी समजू शकते.

एवढे सामान बरोबर घेऊन आता मालिकेतील एका प्रसंगाकडे परत जाऊ. सुरुवातीला होंडा-सानसमोर परदेशी गिऱ्हाइकांची रीघ लागते. त्यांना हवा असतो ‘याओइ’, म्हणजे दोन पुरुषांमधील प्रेमाच्या, मुख्यतः स्त्री-वाचकांनी वाढवलेल्या चित्रकथा. होंडा-सानचे इंग्रजी तुटपुंजे आणि गिऱ्हाइकांचे जपानी त्याहून तुटपुंजे, पण पुस्तकांची नावे आणि लेखकांची नावे हीच दोघांची भाषा होते. त्यांतच एक बाप येतो. मुलीने दिलेली यादी त्याच्या हातात आहे, त्यात काय लिहिले आहे हे त्या भल्या माणसाला ठाऊक नाही, आणि तिने मागितलेली वस्तू ‘दोजिन्शी’ आहे.

दोजिन्शी म्हणजे हौशी चित्रकारांनी स्वखर्चाने छापलेली पुस्तिका. त्या मोठ्या संख्येने विकल्या जातात त्या मेळाव्यांत, ज्यांतील सर्वांत प्रसिद्ध ‘कॉमिकेट’ १९७५ च्या डिसेंबरात सुरू झाला, आणि काही खास दुकानांत. नेहमीच्या पुस्तकांच्या दुकानात त्या नसतात. का नसतात, हे आता आपल्याला सांगता येईल: त्यांना सहसा आयएसबीएन नसतो, त्या तोरित्सुगीच्या यादीत नसतात, म्हणून त्या येऊ शकत नाहीत आणि आल्याच तर परत पाठवता येत नाहीत. होंडा-सानसमोरचा पेच त्यामुळे दुहेरी आहे. बापाला लाज वाटू नये अशा रीतीने सांगायचे की हे काय आहे. आणि इतक्या लांबून आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायचे, पण तो रिकाम्या हाताने आणि खट्टू मनाने जाऊ नये. कवटी स्थिर आहे, आवाज वर-खाली होतो आहे. मला हा प्रसंग मालिकेतील सर्वांत सुंदर वाटतो, कारण त्यात कोणालाही हास्यास्पद केलेले नाही. मुलीसाठी परक्या देशात कागद घेऊन हिंडणारा बाप आणि त्याला नीट वाट दाखवू पाहणारा दुकानदार, दोघेही त्यात मोठे दिसतात.

नव्या मालाच्या सकाळीही असेच. दुकान उघडण्यापूर्वी खोकी येतात. ती उघडायची, यादीशी ताडून पाहायची, मांगा असेल तर प्रत्येक प्रत पारदर्शक पिशवीत सरकवून गरम हवेच्या यंत्रातून काढायची, म्हणजे पिशवी आवळून पुस्तकाला घट्ट चिकटते. या कामाला तिथे ‘श्रिंक’ एवढेच म्हणतात. उभ्याउभ्या फुकट वाचून जाण्याला जपानीत ‘ताचियोमि’ असा स्वतंत्र शब्द आहे, त्याला आळा घालण्यासाठी आणि पुस्तक कोरे राहावे यासाठी ही खटपट. पुस्तकाच्या मूळ कागदी वेष्टनावरून फिरवलेली रुंद कागदी पट्टी, तिचे नाव ‘ओबी’, किमोनोवर बांधतात त्या पट्ट्याचेच. ती यंत्रात शिरताना हमखास दुमडते. शेकडो प्रती, दोन-तीन माणसे आणि घड्याळ. पुस्तकांच्या दुकानात नोकरी म्हणजे दिवसभर वाचत बसणे, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हे दृश्य पाहावे. हे काम कंबरेचे आणि मनगटाचे आहे. कागदाने बोटांचा ओलावा शोषला जातो आणि त्याच्या कडेने कातडी कापते.

प्रकाशकांच्या विक्री प्रतिनिधींविषयी थोडक्यात सांगतो. ते दुकानात येतात, नवे पुस्तक पुढच्या बाजूला, आडवे, वरचे चित्र दिसेल असे ठेवावे म्हणून गळ घालतात, आणि दुकानातले लोक जागेचा हिशेब करतात. एका पुस्तकाला समोरची जागा दिली की दुसऱ्याचा कणाच तेवढा दिसणार. मालिकेत या वाटाघाटी रंगवून दाखवल्या आहेत, पण मला त्यांत आवडते ते हे, की दोन्ही बाजूंची माणसे वाचणारी आहेत आणि एखादे पुस्तक दोघांनाही मनापासून आवडले असेल तर हिशेब काही क्षण बाजूला पडतो. मग कर्मचारी स्वतःच्या हस्ताक्षरात शिफारशीचे छोटे फलक लिहून पुस्तकाशेजारी लावतात. जपानी दुकानांत असे फलक सर्रास दिसतात, आणि हे लिखाण काही वेळा एखाद्या विसरलेल्या पुस्तकाला पुन्हा छापायला लावते.

ही व्यवस्था आज ताणाखाली आहे, हे लपवण्याचे कारण नाही. जपानमधील छापील पुस्तके आणि नियतकालिकांची विक्री १९९६ साली सुमारे २.६५ लाख कोटी येनच्या शिखरावर होती, आणि तिथून ती उतरत गेली. त्यातही नियतकालिकांची घसरण मोठी आहे, आणि नियतकालिके घेऊन धावणाऱ्या त्याच गाड्यांतून पुस्तकेही जात असल्यामुळे एकाचा तोटा दुसऱ्याच्या वाहतुकीवर पडतो. मांगा आता मोबाइलच्या पडद्यावर वाचला जातो. होंडाचा मांगादेखील प्रथम इंटरनेटवरच आला होता. मालिका या संकटावर भाषण करत नाही. ती फक्त एक मजला, एक विभाग आणि त्यातील काही माणसे दाखवते, आणि माणसे इतक्या जवळून दाखवते की त्यांचे दुकान उद्या नसेल ही कल्पनाच नकोशी होते.

मालिका पाहायची तर एका बैठकीत दोन-तीन भागांपेक्षा जास्त पाहू नयेत. बोलण्याचा वेग अफाट आहे, आणि चौथ्या भागाशी पोहोचेतो कान थकतात. शेवटी शेवटी मात्र एक लहानशी क्रिया पुन्हा पुन्हा दिसते, तिच्याकडे लक्ष ठेवावे. पुस्तकाचे पैसे घेऊन झाले की काउंटरवरचा माणूस विचारतो, “कव्हर घालून देऊ का?” गिऱ्हाईक हो म्हणाले तर तो दुकानाच्या छापाचा जाड कागद घेतो, पुस्तकाच्या उंचीएवढी वरची आणि खालची घडी मोडतो, दोन्ही पुठ्ठे त्यात सरकवतो, बोझुला वरून ओढून बाजूला ठेवतो, आणि आता ज्याचे नाव कोणालाही दिसणार नाही असे ते पुस्तक दोन्ही हातांनी पुढे करतो. गाडीत शेजारी बसलेल्याला तुम्ही काय वाचता आहात हे कळू नये, एवढ्यासाठी ही रीत. पुस्तकाचाही चेहरा झाकला गेलेला असतो. ते पुढे करणारे हात सांगाड्याचे असतात, आणि घेणाऱ्याला त्यात काही वावगे दिसत नाही.